सोलापुरात पहिल्यांदा कुत्रा पाळताना: रोजचं जेवण कसं ठरवायचं

सोलापुरात कुणाच्या घरी पिल्लू आलं की पहिल्या संध्याकाळी त्याच्यापुढे दूध-भाकरी येते. पिल्लू गल्लीतलं गावठी असो, की पैसे मोजून आणलेला लॅब्रॅडोर. भाकरी कुस्करायची, वर कोमट दूध ओतायचं. पिल्लू वाटी चाटूनपुसून लख्ख करतं आणि जेवणाचा प्रश्न मिटला असं घरातल्यांना वाटतं. शेजारचे काकाही सांगतात, "आमचं तर भाकरीवरच वाढलंय की ओ, काय झालंय त्याला?"

पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एकच आहे. कुत्र्याचं जेवण त्याच्यासाठी वेगळं ठरवलेलं आणि मोजून दिलेलं हवं. ते पाकिटातलं आहे की गॅसवर शिजवलेलं, हा प्रश्न नंतरचा. आपल्या ताटात उरेल ते त्याला, या पद्धतीने मात्र ते कधीच पुरं पडत नाही.

आधी दूध-भाकरीचा हिशेब

ज्वारी कुत्र्याला वाईट नाही, हे आधी सांगतो. माणसाजवळ हजारो वर्षं राहून कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवता येऊ लागलं. पिष्ट फोडणाऱ्या अमायलेज या पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं. त्यामुळे मंगळवेढ्याच्या शाळूची भाकरी तुमचा कुत्रा आरामात पचवतो. अडचण भाकरीत जे नाही त्याची आहे.

पन्नास-पन्नास ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी आणि पाव लिटर गाईचं दूध घ्या. यातून साधारण ५०० कॅलरी मिळतात, प्रथिनं सुमारे १८ ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम ०.३ ग्रॅम. पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या आफ्को या अमेरिकी संस्थेच्या मापाने प्रौढ कुत्र्याला ५०० कॅलरींमागे किमान साडेबावीस ग्रॅम प्रथिनं आणि ०.६ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. वाढत्या पिल्लाला तेवढ्याच कॅलरींमागे २८ ग्रॅम प्रथिनं आणि दीड ग्रॅम कॅल्शियम लागतं. म्हणजे दूध-भाकरीवरच्या पिल्लाला हाडांसाठी हवं त्याच्या पाव भागही मिळत नाही. पोट भरलेलं दिसतं, पण पुढचे पाय धनुष्यासारखे वाकायला लागतात.

शिवाय ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं. धान्यातलं फायटेट जस्त अडवून धरतं, आणि जस्त कमी पडलं की डोळ्यांभोवती, तोंडाभोवती, पंजांवर खपल्या धरतात. दुधाचा त्रास वेगळाच. आईचं दूध तुटल्यावर बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि जुलाब होतात. दही किंवा बिनमिठाचं पातळ ताक त्यामानाने सोसतं.

शेजारच्या काकांचा कुत्रा भाकरीवर जगला, हे खरं असेलही. पण मोकळा फिरणारा कुत्रा दिवसभरात उकिरड्यावर, मटणाच्या दुकानामागे, शेतात उंदीर-घुशी पकडून बरंच काही खात असतो. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याला ती सोय नाही. तुम्ही वाटीत जे घालाल तेवढंच त्याच्या पोटात जातं.

पहिली पायरी: समोरचा कुत्रा नीट बघा

दुकानात जाण्याआधी वजन करा. आधी आपण एकटे काट्यावर उभे राहायचं, मग त्याला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करायची. मोठा कुत्रा उचलता येत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात काटा असतो. आकडा तारखेसह लिहून ठेवा.

मग हात लावून बघा. बरगड्यांवरून तळवा फिरवला की त्या सहज लागल्या पाहिजेत, पण लांबून एकेक मोजता येऊ नये. वरून पाहिलं तर बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसावी, बाजूने पाहिलं तर पोट मागे वर चढत गेलेलं. बरगड्या शोधायला बोटं रुतवावी लागत असतील तर कुत्रा लठ्ठ आहे, मग बघणारे "काय मस्त गुबगुबीत आहे" म्हणत असले तरी. पशुवैद्य यासाठी १ ते ९ अशी श्रेणी वापरतात आणि ४-५ ही चांगली मानतात.

आपल्या भागात कारवानी जातीचे कुत्रे बरेच दिसतात. या जातीसाठी ओळखलं जाणारं कर्नाटकातलं मुधोळ इथून फार लांब नाही आणि मेंढपाळांकडे, शेतकऱ्यांकडे ही जात पिढ्यान्‌पिढ्या आहे. कारवानी अंगानेच सडसडीत असतो. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं थोडी दिसतात, ते त्याचं नैसर्गिक रूप आहे. कारवानीला लॅब्रॅडोरसारखा भरलेला करायच्या नादात अनेकजण त्याचं अन्न दुप्पट करतात. तसं करू नका. धावण्यासाठी घडलेल्या त्या सांध्यांवर चरबीचा भार पडतो.

वय, नसबंदी झाली आहे का, आणि दिवसभरात प्रत्यक्ष किती हालचाल होते, या तीन गोष्टीही लिहून ठेवा. पुढचा हिशेब त्यावरच आहे.

दुसरी पायरी: किती द्यायचं

मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर हे जमतं. वजनाचा किलोतला आकडा तीनदा घेऊन गुणा, आलेल्या उत्तराचं वर्गमूळ काढा, त्या वर्गमूळाचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. दहा किलोच्या कुत्र्यासाठी १० × १० × १० म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६, पुन्हा वर्गमूळ ५.६२, गुणिले ७० म्हणजे ३९४. नुसतं पडून राहायलाही एवढ्या कॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी हा आकडा १.६ ने गुणायचा, न झालेल्यासाठी १.८ ने. फ्लॅटमध्ये राहणारा, पटकन लठ्ठ होणारा असेल तर १.२ ते १.४ पुरे. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ३ ने, पुढे वाढ पूर्ण होईपर्यंत २ ने.

म्हणजे दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० कॅलरी. वीस किलोच्या तशाच कुत्र्याला १०६० च्या आसपास. वजन दुप्पट झालं तरी अन्न दुप्पट लागत नाही, हे लक्षात घ्या. मोठा कुत्रा लठ्ठ होण्यामागे ही चूक असू शकते. आणि हा आकडा फक्त सुरुवातीचा. पुढे दर महिन्याचं वजन बघून तो कमीजास्त करायचा.

यातला दहा टक्क्यांपेक्षा जास्त भाग वरच्या खाऊवर जाऊ देऊ नका. ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये ४५० च्या आसपास कॅलरी असतात. चहाच्या वेळी घरातल्या चौघांनी मिळून अर्धा पुडा भरवला की दहा किलोच्या कुत्र्याचं एक वेळचं जेवण झालं, तेही साखर आणि मैद्याचं. घरात एकाच माणसाने खाऊचा डबा सांभाळावा. ते जमत नसेल तर सकाळीच दिवसभराचा खाऊ एका वाटीत काढून ठेवा. वाटी संपली की खाऊ संपला.

तिसरी पायरी: पाकीट, घरचं, की दोन्ही

पाकिटातलं म्हणजे विष आणि घरचं म्हणजे अमृत, असं बरेचजण म्हणतात. काही दुकानदार नेमकं उलटं सांगतात. दोघांचंही ऐकून निर्णय घेऊ नका.

पाकिटाचा मोठा फायदा म्हणजे जीवनसत्त्वं, खनिजं मोजून घातलेली असतात. घरच्या जेवणाचा फायदा म्हणजे ताजेपणा, ओलावा आणि आत काय आहे याची खात्री. पण घरचं जेवण समतोल करणं अवघड आहे. अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता. त्यातल्या अनेक पाककृती खुद्द पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या.

माझं मत विचाराल तर पिल्लाची वाढ पूर्ण होईपर्यंत चांगल्या पाकिटावर भर ठेवावा. प्रौढ झाल्यावर एक वेळ पाकीट आणि एक वेळ घरचं, ही पद्धत सोलापूरच्या बहुतेक घरांना परवडते आणि झेपते. पूर्ण घरच्या अन्नावर ठेवायचं असेल तर पशुवैद्याकडून कुत्र्याच्या वजनाप्रमाणे तक्ता करून घ्या.

चौथी पायरी: पाकीट वाचायचं कसं

पाकिटावरचा मांसाचा तुकडा आणि धावणारा कुत्रा बाजूला ठेवा आणि मागची बाजू उलटा. पहिली गोष्ट शोधायची ती 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' किंवा 'कम्प्लीट' हे शब्द. 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' असं लिहिलेलं असेल तर ते रोजचं जेवण नाही, वरून घालायचं आहे. ग्रेव्हीची काही पाऊच या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

दुसरी गोष्ट वयोगट. 'पपी' किंवा 'ग्रोथ' पिल्लांसाठी, 'अ‍ॅडल्ट' किंवा 'मेंटेनन्स' मोठ्यांसाठी, 'ऑल लाइफ स्टेजेस' दोघांनाही चालतं. मोठ्या जातीचं पिल्लू असेल, म्हणजे लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, तर 'लार्ज ब्रीड पपी' असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. त्यात कॅल्शियम मुद्दाम मर्यादेत ठेवलेलं असतं.

तिसरी गोष्ट प्रथिनांचा आकडा, आणि इथे बहुतेकांची फसगत होते. कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर २२ टक्के प्रोटीन आणि पाऊचवर ८ टक्के दिसतं, म्हणून पाऊच हलकं वाटतं. पण पाऊचमध्ये ८० टक्के पाणी असतं. पाणी वजा केलं तर उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रथिनं, म्हणजे ४० टक्के. दाण्यांत १० टक्के ओलावा धरला तर ९० भागांत २२, म्हणजे साडेचोवीस टक्के. तुलना नेहमी पाणी वजा करूनच करा. या हिशेबाने प्रौढ कुत्र्याला किमान १८ टक्के आणि पिल्लाला साडेबावीस टक्के प्रथिनं हवीत, ही आफ्कोची खालची मर्यादा आहे.

मग १०० ग्रॅममागे किती कॅलरी आहेत ते पाहा आणि किंमत त्यावर लावा. समजा एक पाकीट २८० रुपये किलो आहे आणि त्यात १०० ग्रॅमला ३३० कॅलरी आहेत. दुसरं ३४० रुपये किलो आणि त्यात ४०० कॅलरी. ६३० कॅलरींसाठी पहिलं १९१ ग्रॅम लागेल, दुसरं १५८ ग्रॅम. दोन्हींचा रोजचा खर्च साडेत्रेपन्न रुपयांच्या आसपासच येतो. किलोच्या भावावरून स्वस्त-महाग ठरवलं तर हे लक्षातच येत नाही.

'ग्रेन-फ्री' लिहिलेल्या महागड्या पाकिटांची बहुतेक कुत्र्यांना गरज नसते. धान्य काढून त्याजागी भरपूर वाटाणा, मसूर, हरभरा घातलेल्या काही खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. तो संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. पण ज्वारी-तांदूळ पचवणाऱ्या कुत्र्यासाठी धान्य टाळायला जादा पैसे मोजण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

सुटं, तराजूवर मोजून मिळणारं खाद्य घेऊ नका. कधी बनलं, कुठल्या वयाचं, किती दिवस पोतं उघडं आहे, काहीच कळत नाही. आणि स्वस्त पडतं म्हणून वीस किलोचं पोतंही आणू नका. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या उघड्या पोत्यातली चरबी खवट होते आणि जीवनसत्त्वं उडतात. महिन्याभरात संपेल एवढंच घ्या. पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा.

पाचवी पायरी: घरी शिजवायचं तर

दहा किलोच्या प्रौढ कुत्र्याचं एका दिवसाचं ताट मी असं मांडेन. बिनहाडाचं शिजवलेलं चिकन दीडशे ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, पन्नास ग्रॅम पिठाची एक भाकरी किंवा त्याऐवजी वाटीभर मऊ भात, मूठभर शिजवलेला लाल भोपळा, गाजर किंवा घेवडा, एक चमचा तेल आणि दोन चमचे दही. सगळं मिळून सहाशेच्या आसपास कॅलरी होतात. चिकन पाण्यात नुसतं शिजवायचं. हळद चिमूटभर चालते. तिखट, कांदा, लसूण, काळा मसाला नाही. घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊन घालणं म्हणजे चिकन शिजवणं नव्हे.

आठवड्यातून एक-दोनदा चिकनचा थोडा भाग काढून त्याजागी वीस-पंचवीस ग्रॅम शिजवलेली कलेजी घाला. त्यातून अ जीवनसत्त्व, लोह, तांबं मिळतं. रोज नको, अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं. कलेजी-पेटा स्वस्त मिळतो म्हणून त्याचंच जेवण करणारे लोक आहेत. तेही टाळा.

आता कॅल्शियम. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. नुसत्या मांस-भातावरचं शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी ते हाडांतून ओढायला लागतं, आणि हाडं कागदी होतात. अंड्याची टरफलं धुवा, तव्यावर कोरडी भाजा आणि मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी बारीक करा. वरच्या ताटाला दिवसाला अर्धा चमचा पुरतो, त्यातून साधारण एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं यांची भर मात्र पशुवैद्याने दिलेल्या मिश्रणातूनच करा. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका, ड जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंडं बिघडतात.

कच्चं मांस, आणि खाटकाकडची कच्ची फुफ्फुसं-कलेजी देऊ नका. शेळ्यामेंढ्यांच्या कच्च्या अवयवांतून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी जातात. कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांची अंडी माणसापर्यंत पोहोचली तर यकृतात, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. घरात लहान मुलं असतील तर हे फारच मनावर घ्या.

शिजवलेली हाडंही नकोत. रविवारी मटण झालं की कुत्र्याची मजा, ही जुनी समजूत आहे. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन अणकुचीदार फुटतं आणि घशात रुततं किंवा आतडं फाडतं.

शाकाहारी घर असेल तर

सोलापुरात लिंगायत, जैन, मारवाडी, ब्राह्मण घरं पुष्कळ आहेत आणि अनेकांच्या स्वयंपाकघरात अंडंही येत नाही. कुत्रा मांजरासारखा पूर्ण मांसावर अवलंबून नाही. त्यामुळे शाकाहारी जेवणावर प्रौढ कुत्रा नीट राहू शकतो, पण मेहनत घ्यावी लागते. वरण-भाताने ते होत नाही. सोयाबीनच्या वड्यांत पन्नास टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, त्या भिजवून, पिळून, मऊ शिजवून द्या. जोडीला पनीर, दही, मूगडाळ. अंडं चालत असेल तर ते द्याच, अर्धं काम तेवढ्याने होतं. बी-१२, ड जीवनसत्त्व आणि टॉरिन हे अमिनो आम्ल यांची पूर्तता वेगळी करावी लागते. म्हणून शाकाहारी घरांनी 'कम्प्लीट' लिहिलेलं शाकाहारी पाकीट मुख्य जेवण धरावं आणि घरचं त्यावर थोडं वाढावं, हे मला जास्त सुरक्षित वाटतं. पिल्लाला मात्र निदान पाकीट तरी मांसाहारी द्या.

पिल्लाची गोष्ट वेगळी

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. घरी आणल्यावर पहिला आठवडा ते आधी जे खात होतं तेच द्या. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. लहान जाती वर्षभरात वाढ पूर्ण करतात, मोठ्यांना दीड वर्ष लागतं, तोवर पिल्लाचंच खाद्य.

'पपी'चं पूर्ण पाकीट चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप देऊ नका. पिल्लू आलं की बाटली आणायची जणू पद्धतच पडली आहे. मोठ्या जातीच्या पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम गाळून टाकू शकत नाही, त्याने हाडं वेडीवाकडी वाढतात, सांधे दुखतात. बाटली पशुवैद्याने लिहून दिली असेल तरच.

आपल्या घरातलं काय द्यायचं नाही

द्राक्ष आणि बेदाणा यांच्यावर मी सगळ्यात जास्त जोर देतो, कारण आपला जिल्हा द्राक्षांचा आहे. नान्नजपासून कासेगावपर्यंत बागा आहेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी पेट्या येतात आणि बेदाणा वर्षभर डब्यात असतो. द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. किती खाल्ल्याने होईल याचं सुरक्षित माप नाही. एखाद्याला काही होत नाही आणि दुसरा मूठभर बेदाण्यांनी जातो. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असं २०२१ मध्ये विषबाधेवर काम करणाऱ्या पशुवैद्यांनी मांडलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचेची आमटी, चिंचेचा कोळ हेही दूर ठेवा. शिऱ्यातले, खिरीतले, दिवाळीच्या करंजीतले बेदाणेही धरा.

कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने किंवा वाळवल्याने हा गुण जात नाही. दहा किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा त्रास द्यायला पुरेसा आहे. लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात, हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर होते, त्यामुळे कारण कुणाच्या लक्षात येत नाही. घर मराठी असो, तेलुगू असो की कन्नड, आपल्या बहुतेक रश्श्यांत लसूण असतोच. आणि शेंगा चटणी! कोरडी भाकरी खाईना म्हणून चटणी लावून देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात लसूण, तिखट आणि मीठ तिन्ही आहे. हुरड्याला कुत्रा सोबत आला तर चार कोवळे दाणे खाऊ दे, चटणीची वाटी उंचावर ठेवा. साधे, भाजलेले, बिनमिठाचे चार शेंगदाणे चालतात. शेंगापोळीतल्या गुळाची त्याला गरज नाही.

चॉकलेट आणि चहा-कॉफी नको. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थ आणि च्युइंगगम तर अजिबात नको, त्याने रक्तातली साखर एकदम कोसळते. आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा दांडा आतड्यात अडकतात.

यातलं काही खाल्लंच तर काय, किती आणि केव्हा हे लिहून लगेच पशुवैद्याला फोन करा. पहिल्या दोनेक तासांत दवाखान्यात उलटी करवता येते. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानेच कुत्रा दगावू शकतो.

जेवण बदलताना, आणि उन्हाळ्यात

एक खाद्य बंद करून दुसरं एकदम सुरू केलं की जुलाब ठरलेले, आणि मग दोष नव्या खाद्यावर जातो. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, असं सात ते दहा दिवसांत पूर्ण बदला.

सोलापूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी वाटी ठेवू नका. सकाळी सहा-सातला आणि रात्री आठनंतर द्या. उन्हात भूक थोडी कमी होणं साहजिक आहे, लगेच तुपाची धार सोडू नका. ओलं किंवा भिजवलेलं अन्न अर्ध्या तासात खाल्लं नाही तर उचला, या हवेत ते लवकर आंबतं. वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवली की मुंग्या लागत नाहीत.

पाणी साधारण किलोमागे पन्नास-साठ मिली रोज, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. कोरड्या दाण्यांवरच्या कुत्र्याला ते जास्तच लागतं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा घरच्या पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात त्याचाही वाटा धरा आणि भांड्यातलं पाणी रोज दोनदा बदला. घरात दोन ठिकाणी मातीची पसरट भांडी ठेवली तर पाणी गार राहतं आणि कुत्रा आपणहून पितो.

कारवानी, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांना दिवसाचं सगळं एकदम देऊ नका आणि जेवणानंतर तासभर पळवू नका. त्यांचं पोट फुगून पिळा पडू शकतो. पोट टणक, उलटीचा नुसता उमाळा, बाहेर काही नाही, अशा वेळी मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा.

जेवण मानवतंय का

रोज शी बघा. घट्ट, उचलताना जमिनीला न चिकटणारी असली की पचन नीट आहे. सहा-आठ आठवड्यांत केसांना चमक यायला हवी आणि खाजवणं वाढलेलं नसावं. पिल्लाचं वजन दर आठवड्याला, मोठ्याचं महिन्याला करा. वजन नको तिकडे सरकत असेल तर अन्न दहा टक्क्यांनी बदला आणि तीन-चार आठवडे थांबून पुन्हा काट्यावर ठेवा.

एवढं करूनही वजन घटत राहिलं, किंवा मोठ्या कुत्र्याने चोवीस तास आणि पिल्लाने बारा तास काही खाल्लं नाही, तर खाद्य बदलत बसू नका. जंत असतील, गोचिडांचा ताप असेल, आणखी काही असेल. रक्त आणि शी तपासून घ्या. जाताना पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि गेल्या आठवड्यात वाटीत, तसंच वाटीबाहेर, काय काय दिलं याची यादी सोबत न्या. आजोबांनी चहाबरोबर दिलेलं बिस्कीटही त्या यादीत लिहा.